मंगोलियाला गेलेली खणाची कुंची

मित्रांनो, मी कुंची आहे. खणाची, हिरवी, जांभळ्या काठाची. जुनी झाले, मान्य आहे. पण मला कोणी चिंधी म्हणालं तर ऐकून घेणार नाही.

तुमच्यातल्या पुष्कळांना कुंची म्हणजे काय हेच ठाऊक नसेल. बाळाच्या डोक्याला टोकदार टोपी, त्या टोपीलाच मागून जोडलेला पाठ झाकणारा पदर, आणि हनुवटीखाली बांधायला दोन बंद. ती मी. बाळाचे कान झाकायचे, टाळूला वारा लागू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. तुम्ही म्हणाल, सिंगापुरात वर्षभर घामाच्या धारा, इथे कुंची कशाला? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण आपली माणसं जिथे जातात तिथे आपला वारा बरोबर नेतात, आणि त्या वाऱ्याची भीतीही.

मला शिवलं सुनेत्रानं, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये. तिचा नवरा दिलीप तेव्हा तुआसला जहाजांच्या कारखान्यात होता. सुनेत्राची शाळा चौथीतच सुटली, पण हात असा की शिंप्यानं मान खाली घालावी. मूल जन्मायच्या आधी त्याचे कपडे शिवू नयेत, म्हणून ती थांबली. निहार जन्मला, पाचवी पुजून झाली, आणि मग तिनं चोळीसाठी ठेवलेला खण कापला. आतलं अस्तर दिलीपच्या पूजेच्या धोतराचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. शेवटचा टाका घालून दोरा तिनं दातानं तोडला आणि म्हणाली, "आता ये म्हणावं वाऱ्याला!"

निहार धडधाकट वाढला. झालं, माझं नाव झालं. आपल्यात रीतच आहे, बाळाला पहिलं कापड दुसऱ्याच्या सुदृढ बाळाचं घालायचं. इथल्या मराठी घरांत कोणी बाळंत झालं की फोन यायचा, "काकू, कुंची मिळेल का?" सुनेत्रा मला डब्यातून काढायची, झटकायची, आणि नेऊन द्यायची ती सतरा सूचनांसकट. "साबणात बुडवू नका. उन्हात वाळवू नका. आणि परत करताना इस्त्री करून द्या, लाज असेल तर!" बँकवाल्यांची बाळं, विद्यापीठात शिकणाऱ्यांची बाळं, किती टाळूंचा वास माझ्या अस्तरात मुरलाय. बारशाच्या फोटोत सगळ्यात पुढे मी.

कुंचीबरोबर सुनेत्रा जायची ती धुरी द्यायला. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकायची, आणि त्या धुरावरून न्हाऊ घातलेलं बाळ अलगद फिरवायचं. सर्दी पळते, झोप लागते. तिच्या फ्लॅटच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या होत्या, त्या कधी नीट मिटायच्याच नाहीत. कॉरिडॉरचं दार सताड उघडं. धूर आत यायचा आणि पाहुण्यासारखा निघून जायचा. त्या फटींचे उपकार होते, मित्रांनो. पण फटींना कोण श्रेय देतो? श्रेय गेलं ओव्याला, लसणाला, मला आणि सुनेत्राच्या हाताला. माझी मान ताठ झाली. तिचीही.

दिलीप गेला. निहारचं लग्न झालं. क्षिप्रा नावाची सून आली, हिशेबतपासनीस, बोलायला कमी आणि बघायला जास्त. रुचिर झाला तेव्हा मी पुन्हा डोक्यावर चढले, आणि बऱ्याच वर्षांनी इरा झाली तेव्हाही. इरा मोठी लाघवी. माझा बंद तोंडात धरून चोखत बसायची.

ती दहा महिन्यांची असताना जूनच्या शाळेच्या सुट्टीत सगळे मंगोलियाला निघाले. रुचिरला रानघोडे बघायचे होते. सुनेत्रानं घर डोक्यावर घेतलं. "तान्हं पोर घेऊन कोणी थंडीत जातं का? मी नाही येणार." आणि सगळ्यांत आधी तिचीच बॅग भरली. त्यात मेतकूट, ओव्याची डबी, लसणाची सालं पिशवीत बांधून, आणि वर मी.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. आयुष्यभर बारशाच्या फोटोपुरती मिरवलेली मी. आता खरा वारा भेटणार होता.

उलानबातरच्या बाजारात तो भेटला. धूळ घेऊन आला आणि थेट माझ्या पदरात शिरला. बाजार म्हणजे मैलभर पसारा. घोड्यांची खोगिरं, उंटाच्या लोकरीचे मोजे, दगडासारखं वाळवलेलं दही, आणि दोरीवर ओळीनं टांगलेली लांडग्यांची कातडी, पंजांसकट. एकाला तर डोळ्यांच्या जागची भोकंही तशीच होती. इरा त्या भोकांकडे बघत राहिली. मी तिचे कान झाकू शकत होते, डोळे नाही.

टोप्या विकणारी एक म्हातारी माझ्याकडे बघून हसली. तिच्याकडच्या टोप्यांनाही माझ्यासारखंच टोक होतं. तिनं पुढे होऊन माझा काठ चाचपला आणि बोटांनी पैशाची खूण केली.

"विकायला नाही आणलीय हो बाई," सुनेत्रा मराठीतच कडाडली. "तुमची सगळी टपरी दिलीत तरी मिळायची नाही!"

निहार हसून म्हणाला, "आई, तिला कळत नाहीये."

"सूर कळतो सगळ्यांना."

म्हातारीला खरंच कळलं असावं. तिनं हात जोडले, इराच्या गालाला बोट लावलं आणि मागे सरली. त्याच संध्याकाळी इराला शिंका सुरू झाल्या. नाक वाहायला लागलं. रात्रभर तिचा श्वास घुरघुरत राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडीनं सगळे रानघोड्यांच्या राखीव कुरणाजवळच्या छावणीत आले. तिथे राहायला गेर होते. गेर म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरीचा गोल तंबू. मधोमध लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छताच्या गोल भोकातून वर गेलेलं. त्या भोकावर लोकरीचंच एक झाकण, ते बाहेरून दोरीनं ओढायचं. भिंतीची खालची झालर थोडी दुमडून वर ठेवलेली. छावणीवरच्या मुलीनं सगळं खुणांनी दाखवलं. भोकाकडे बोट केलं, झालरीकडे बोट केलं, आणि मान जोरात हलवली, हे असंच राहू द्या.

"म्हणे राहू द्या! पोरीच्या छातीत कफ भरलाय आणि छताला भगदाड," सुनेत्रा पुटपुटली.

जेवणं झाल्यावर निहार आणि रुचिर ड्रायव्हरबरोबर घोडे बघायला गेले. आभाळ भरून आलं होतं. क्षिप्रा इरासाठी मागे थांबली.

"आई, आज तिची अंघोळ राहू द्या ना," क्षिप्रा म्हणाली.

"सर्दीला न्हाणं आणि धुरी, दुसरं औषध नाही. तुझा नवरा असाच वाढलाय."

"डॉक्टर नको म्हणाल्या होत्या धुराला."

"तुझ्या डॉक्टरला पोरं किती?"

आदल्या रात्री क्षिप्राचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. भांडायलाही अंगात जीव लागतो.

सुनेत्रानं इराला न्हाऊ घातलं, पुसलं, आणि मला बांधलं. हनुवटीखाली घट्ट गाठ. मग ती बाहेर गेली आणि दोरी ओढून छताचं भोक बंद केलं. झालर खाली सोडली. आत येऊन दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. गेर अंधारला. चिमट्यानं शेगडीतले निखारे काढून तिनं पत्र्याच्या ताटलीत घेतले, ओवा टाकला, सालं टाकली. धूर उठला. इराला दोनदा त्यावरून फिरवलं. तिनं ताटली बाळाच्या उशापाशीच ठेवली, ऊब राहावी म्हणून.

धूर विरला. निखारे राखेखाली लाल राहिले. आता कसलाच वास येत नव्हता. कसलाच आवाजही नव्हता.

"आई, माझं डोकं फार दुखतंय," थोड्या वेळानं क्षिप्रा म्हणाली.

"वारा बाधला. पड जरा. मी आहे."

क्षिप्रा आडवी झाली. सुनेत्रा इरापाशी बसून थोपटत राहिली. इरा शांत निजली होती. घुरघूर थांबली होती. गाल लाल झाले होते. सुनेत्रा वाकून कौतुकानं म्हणाली, "बघ, कशी गुलाबी दिसतेय माझी बाय. मानवली धुरी."

मी त्या गालांना चिकटून होते, मित्रांनो. मला ठाऊक होतं. घुरघूर थांबली होती कारण श्वासच उथळ झाला होता. माझ्या अस्तरावर बाळाचा श्वास दर वेळी ओलसर लागतो, तसा तो लागत नव्हता. लागायचा, मग बराच वेळ नाही, मग पुसटसा. थोपटणारा हातही संथ होत होत थांबला. मी कान झाकण्यासाठी शिवलेली. दार उघडायला मला हात कुठले?

तेवढ्यात बाहेर गारा सुरू झाल्या. त्या गारांमुळे ड्रायव्हरनं गाडी अर्ध्या वाटेवरून वळवली होती. नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि सांगायला मी उरले नसते; इरासोबत गेले असते.

निहारनं दार ढकललं. टॉवेलमुळे ते अडलं. "आई? क्षिप्रा?" त्यानं खांद्यानं धक्का दिला. मागून रुचिर त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडला, "पप्पा, वाय सो डार्क? नोबडी आन्सरिंग, लाह!" ड्रायव्हर मात्र कोणाला हाक मारायला थांबला नाही. त्यानं दोरी सोडली आणि छताचं झाकण ओढून काढलं.

गारा आत पडल्या. निहारनं इराला उचललं. तिची मान लुळी पडली. त्याला माझी गाठ सुटेना. सुनेत्रानं घट्ट मारलेली गाठ, ती कशी सुटणार? त्यानं हिसडा दिला, माझा एक बंद तुटला, आणि मी गवतात जाऊन पडले. क्षिप्रा बाहेर रांगत येऊन ओकली. सुनेत्राला ड्रायव्हरनं काखेत हात घालून ओढत आणलं. शुद्धीवर येताच ती म्हणाली, "पोरीला पांघरूण घाला, वारा आहे."

रुचिरनं मला गवतातून उचललं आणि सगळे गाडीत बसले. शहराच्या इस्पितळापर्यंतचा रस्ता फार लांबचा होता. क्षिप्रा इराच्या तोंडावर कान ठेवून बसली होती आणि सारखी म्हणत होती, "घेतेय. घेतेय. निहार, घेतेय ना?"

इरा वाचली. कोंडलेल्या निखाऱ्यांचा विषारी वायू तिच्या अंगात भिनला होता; इस्पितळात प्राणवायू लावला, कितीतरी दिवस तिथे ठेवलं. पण जी इरा परत आली ती वेगळी होती. आधार न घेता बसायची, ते विसरली. नाव घेतलं की वळायची, ते थांबलं. हाताच्या मुठी आवळलेल्या राहायच्या. सिंगापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम करत राहा, बघू.

आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात जास्त झोंबतं.

सुनेत्रा सगळ्यांना सांगायला लागली, "त्या छावणीची शेगडीच फुटकी होती." लोक हळहळायचे. मग ती आवाज खाली आणून म्हणायची, "आणि त्या बाजारातल्या बाईनं कुंचीला हात लावला ना, तिथेच दृष्ट लागली. तेव्हापासून ती कुंची मला बघवत नाही." ताटलीचं नाव नाही. टॉवेलचं नाव नाही. मी बोलू शकले असते तर विचारलं असतं, अगं, दृष्टीनं कोणाचा श्वास कोंडला का कधी?

स्वयंपाकघरातल्या भिंतीत कचरा थेट तळमजल्यावर सोडायची झडप असते, एके दिवशी तिनं मला तिच्यापाशी नेलं. झडप उघडली. खालून कुजक्या पपईचा वास आला. "अपशकुनी कुठली," ती मला म्हणाली. मी! किती बाळांना मिरवलेली मी!

मागून क्षिप्रानं तिचं मनगट धरलं. मंगोलियाहून आल्यापासून ती सासूशी कामापुरतंच बोलायची.

"कुंचीनं काय केलंय, आई?"

बास, एवढंच. सुनेत्राच्या जिभेवर आजवर कोणी मात केली नव्हती. त्या दिवशी ती झडपेकडे बघत राहिली. क्षिप्रानं मला घेतलं आणि सामानाच्या खोलीत, छत्र्यांच्या मागे टाकलं. फेकलं नाही, पण धुतलंही नाही. मंगोलियाची माती, राख आणि ओव्याचा वास अंगावर घेऊन मी तिथे पडून राहिले. सिंगापूरची दमट हवा ती, माझ्या काठावर बुरशीचे काळे ठिपके उठले. फोन यायचे, "काकू, कुंची?" सुनेत्रा सांगायची, "तिला कसर लागली हो." मी आतून ऐकायचे.

मग कादंबरीचा फोन आला. ती विद्यापीठात संशोधन करते, नवरा अनीशबरोबर ईस्ट कोस्टला राहते. पहिलंच बाळ. तिची आई मधुमती आजारपणामुळे येऊ शकली नव्हती. "काकू, इथे तुम्हीच आम्हाला मोठ्या. कुंची घेऊन या, आणि धुरीही तुमच्याच हातची हवी. अनीशनं कोळसे आणून ठेवलेत."

सुनेत्रा म्हणाली, "बघते." फोन ठेवला आणि बसूनच राहिली.

क्षिप्रानं ते ऐकलं होतं. तिनं मला बाहेर काढलं, तीन पाण्यांनी धुतलं, खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळवलं, नवा बंद शिवला. तिचे टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत. मग मला सासूच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तुम्हीच द्या. तुमच्या हातची आहे. आणि इरालाही नेऊ."

"तिला कशाला? लोक विचारतील."

"विचारू देत."

कादंबरीचा फ्लॅट उंचावर, समुद्राच्या बाजूचा. खोली लहान, एसी चालू, काचेची सरकती खिडकी घट्ट बंद. बाळ न्हाऊन तयार होतं. सुनेत्रानं मला त्याच्या डोक्याला बांधलं. इरा तिच्या पट्ट्यांच्या खुर्चीत, मान एका बाजूला कलती, छताकडे बघत होती.

"किती गोड! मान अजून धरत नाही का हो?" कादंबरीनं सहज विचारलं. क्षिप्रानं हातानं इराची मान सरळ केली.

अनीशनं धुपाटण्यात फुललेले कोळसे आणले. फोनच्या पडद्यावरून मधुमती बघत होत्या. "अगं कादू, दार लावून घे आधी. खिडकी बंद आहे ना? फट राहता कामा नये. वारा लागला तर जन्माचं दुखणं होतं."

अनीशनं दार लावलं आणि धुपाटणं सुनेत्राच्या हातात दिलं.

मित्रांनो, तेव्हा मी पुन्हा एका बाळाच्या श्वासावर होते. तो छान ओलसर लागत होता. एकामागून एक, न चुकता. आणि सुनेत्रा कोळसे घेऊन उभी होती.

"दार उघड," ती अनीशला म्हणाली.

"अहो सुनेत्राबाई, वारा!" फोनमधून मधुमती.

"खिडकीपण उघड."

"काकू, एसी चालू आहे ना," कादंबरी म्हणाली.

"बंद कर तो मेला एसी!"

"आमच्याकडे नाही बाई असं करत," मधुमतींचा आवाज चढला. "चार नातवंडांना धुरी दिली मी. तुम्हाला नीट माहीत नसेल तर राहू द्या, कादूला मी सांगते कसं ते."

सुनेत्राला 'माहीत नसेल तर' म्हणणारा माणूस जन्माला आला नव्हता. आला असता तर तिनं त्याला जेवणावरून उठवलं असतं. मी वाट बघत राहिले, आता तोफ सुटणार. ती इराकडे बघत होती. मग तिनं धुपाटणं उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि नळाखाली धरलं. चर्र झालं. वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला.

"बाळाला धुरी मिळणार नाही," ती परत येऊन म्हणाली. "माझ्या हातची नाही, कुणाच्याच हातची नाही. हवं तर म्हातारी वेडी झाली म्हणा."

"पण का, काकू?"

सुनेत्रानं तोंड उघडलं. "माझ्या इराला..." एवढं म्हणाली, आणि पुढचं काही बाहेर येईना. पदर तोंडात कोंबून ती पलंगाच्या कडेवर बसली.

क्षिप्रा उठली. काच सरकवली, पार शेवटपर्यंत. समुद्राचा खारा वारा आत शिरला, पडदा उडाला, बाळाला शिंक आली. मग ती सासूजवळ जाऊन बसली. हात धरला नाही, डोळे पुसले नाहीत. शेजारी बसली, इतकंच.

इरानं त्या शिंकेकडे मान वळवली नाही. ती वळवेल का, कधी चालेल का, मला ठाऊक नाही. मी खोटी आशा दाखवणाऱ्यांपैकी नाही.

सुनेत्राला जे वाक्य पुरं करता आलं नाही ते मी तुमच्यापुढे पुरं केलं. मला ठेवायचं तर ठेवा, टाकायचं तर टाका. पण एवढं लक्षात असू द्या. तुमची आजी, आई, मावशी मायेनं तुम्हाला गुंडाळतील, दारं लावतील, फटी बुजवतील. त्या मायेवर शंका घेऊ नका. पण खोलीत कुठेही निखारा असेल, आणि कुणाचं डोकं दुखायला लागलं, तर कोणाला न विचारता उठा आणि खिडकी उघडा. थंडी वाजेल, वाजू द्या. वडीलधारी रागावतील, रागावू द्या. रागावलेलं माणूस उद्या बोलतं, मित्रांनो. कोंडलेलं बाळ नाही बोलत.